जुन्या मॅसीची अन् अवजारांची वाटणीत किंमत कशी धरावी?

शेवंती_दिग्रस

नमस्कार मंडळी, एक अडलेला प्रश्न घेऊन आले आहे, शेतीवाल्यांनी अन् मिस्त्री लोकांनी जरूर लिहा.

बाबा गेल्या वर्षी गेले. दोन भाऊ आणि मी. मोठा दादा गावातच शेती करतो, धाकटा पुण्यात नोकरीला. वावराची वाटणी झाली, घराचीही झाली, कोणाचा शब्द वर गेला नाही. आता अडकलंय ते शेडमधलं सामान. मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर, १९८६ ची, बाबांनी नवी घेतलेली. नऊ दाती पंजी (कल्टिव्हेटर). दोन तव्यांचा नांगर. ट्रॉली. जुना हडंबा, ज्वारी आणि सोयाबीन काढायचा. शिवाय आजोबांच्या वेळचा बैलांचा लोखंडी नांगर.

दादाला हे सगळं ठेवायचं आहे, रोज तेच वापरतो. धाकट्याला त्याच्या हिश्शाचे पैसे पाहिजेत, त्यात त्याचं काही चूक नाही. दोघांनी मला सांगितलं, ताई तू आकडा सांग, आम्ही मान्य करू. गावातला व्यापारी सगळ्याचे मिळून १ लाख २० हजार म्हणतो. मोबाईलवर जाहिराती पाहिल्या तर हेच मॉडेल ९० हजारालाही आहे आणि अडीच लाखालाही. आणि धाकट्याच्या ओळखीतले एक जण फार्महाऊसवर ठेवायला नुसत्या ट्रॅक्टरचे १ लाख ७५ हजार देतो म्हणतात, फोटो पाहून.

यातली वाजवी किंमत कोणती? मला एकाचा फायदा अन् दुसऱ्याचं नुकसान असं काही करायचं नाही.

कास्तकार_वर्धा

ताई, पहिले लोखंड मोजा. बाकी गोष्टी मंग. १०३५ चं वजन १७०० किलोच्या वर हाय. तुमच्या इकडच्या दोन भंगारवाल्याईले येगयेगळं इचारा आज काय भाव हाय, एकाचं आयकू नका. समजा ३० रुपये किलो म्हणला त १७०० किलोचे ५१ हजार झाले. पंजी, नांगर, हडंबा ट्रॉलीत टाका अन् जिनिंगच्या धरमकाट्यावर न्या, भरल्या ट्रॉलीचं एक वजन, खाली ट्रॉलीचं एक वजन. तेवढ्यात तुमचा खालचा आकडा निघते. त्याच्या खाली कोनी बोलला त त्याले चहा पाजा अन् वापस पाठवा.

रेंच१०_१२

वर्धावाल्या भाऊंचं खालच्या आकड्यापुरतं बरोबर आहे. पण चालू ट्रॅक्टरला भंगाराचा भाव लावला की मालक तिथंच अर्धा हरतो. व्यापारी पण नेमकं तेच करतो, आधी वजनाची गोष्ट काढतो म्हणजे ऐकणारा त्याच आकड्याभोवती फिरत राहतो. अन् १७०० किलो सगळं एका भावात जात पण नाही, बीड (ओतीव लोखंड) वेगळं, पत्रा वेगळा, रबर तर तो धरतच नाही.

माझं मूर्तिजापूरकडे गॅरेज आहे, जुन्या मॅसी खूप हाताखालून गेल्या. ताई, हे करून बघा. सकाळी ट्रॅक्टर रात्रभर थंड असताना जा. आधी इंजिन ब्लॉकला हात लावा, गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवलंय असं समजा (तुमच्या घरचाच आहे म्हणून हे होणार नाही, पण विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा). सेल्फ मारला की किती वेळात पकडतो ते बघा. पकडल्यावर पांढरा धूर थोडा येतोच, तो गेला पाहिजे, निळा राहिला तर ऑइल जळतंय. मग ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपापुढे तळहात धरा. हवेचा नुसता श्वास लागला तर ठीक, भकभक धूर येऊन हाताला ऑइल लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, बहुतेक सिलिंडरचे लायनर पण. डिपस्टिक काढा, ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय, तिथं बोलणं थांबवून आधी हेड खोलायला सांगा. अर्धा तास चालवून इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशरचा काटा बघायचा, थंड इंजिनावर काटा सगळ्यांचाच वर असतो.

हायड्रोलिक: पंजी लावून उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासून किती वर आहे ते टेपनं मोजून ठेवा अन् चहा पिऊन या. पंजी खाली बसली असेल तर लिफ्टच्या सिलिंडरचं नाहीतर वॉल्व्हचं काम आहे. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक दोन्ही हातांनी हलवा, किंगपिन बुशचा खेळ कळतो. चढावर एकेक गिअर टाकून पाय सोडा, गिअर आपोआप बाहेर उडी मारतो का बघा. मीटरच्या तासांवर विश्वास ठेवू नका, १९८६ च्या गाडीचा मीटर एवढी वर्षं चालू राहिला असं मी पाहिलेलं नाही.

हे सगळं लिहून काढा आणि प्रत्येक कामाचा खर्च बाजूला मांडा. चांगल्या अवस्थेतल्या १०३५ ला तुमच्या तालुक्यात या वर्षात खरंच काय मिळालं तो आकडा, वजा हा खर्च. जाहिरातीतला मागितलेला नाही, हातात पडलेला. जाहिरातीतल्या अडीच लाखाला काही अर्थ नाही, ती गाडी अजून तिथंच उभी आहे म्हणून तर जाहिरात दिसते.

शेवंती_दिग्रस

धन्यवाद दादा, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सेल्फला पटकन पकडतो. ब्रीदरचं दादाला विचारलं तर म्हणाला थोडं ऑइल फेकतो, दोन हंगाम झाले.

रेंच१०_१२

मग रिंगा-लायनर धरूनच चला. १०३५ ला एक फायदा आहे, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन, सामान कुठंही मिळतं अन् प्रत्येक तालुक्याला बांधणारा मिस्त्री आहे. ज्या ट्रॅक्टरचं सामान मिळत नाही त्याची किंमत चालू असतानाही कमीच धरावी लागते, बंद पडला की तो शेडमध्येच राहतो.

काळीमाती_अकोट

अवजारांबद्दल लिहितो, सगळे ट्रॅक्टरवरच बोलतात अन् अवजारं फुकटात जातात.

तव्याच्या नांगराचे तवे टेपनं मोजा, काठापासून काठापर्यंत मधून. नवीन नांगराचा तवा साधारण २६ इंचाचा असतो. २४ असेल तर अजून काम आहे, २२ च्या खाली गेला तर आपल्या काळ्या मातीत तो खोल जाणार नाही, नुसता वरून घासत जाईल, म्हणजे तवे बदलायचा खर्च धरा. तव्याला हात घालून आत-बाहेर हलवा, बेअरिंग गेलेलं असेल तर लगेच कळतं.

पंजीला दातांकडे नंतर बघा, फाळ तर उपभोगाचीच वस्तू, झिजले की बदलतात. आधी फ्रेम बघा. सुतळी घ्या, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ताणा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. बोटभर फरक म्हणजे फ्रेम पिळली आहे, कधी तरी धुऱ्यावरच्या झाडाच्या मुळीत नाहीतर दगडात अडकली असणार. अशी पंजी एका बाजूला खोल अन् दुसऱ्या बाजूला वर चालते, तूर नीट पेरताच येत नाही. मग खालच्या दोन पिना काढून भोकं बघा. गोल आहेत की लांबट झाली. पिन भोकात घालून बोटानं हलवली की खडखड वाजते का. लांबट भोक वेल्डिंगनं भरून परत पाडता येतं पण ते काम चांगल्या वर्कशॉपमध्येच. १०३५ ला अवजार जोडायची कॅटेगरी एक बसते, खालची पिन २२ मिमीची, वरची १९ ची. मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार असेल तर पिन २८ ची असते, लोक बुश टाकून भागवतात, ते पण बघून घ्या.

माझं मत, चांगल्या फ्रेमच्या जुन्या पंजीला नव्याच्या निम्म्यापर्यंत द्यायला हरकत नाही, त्या वेळचं लोखंड जाड यायचं. पिळलेल्या फ्रेमला वजनाचा भाव.

पुणे_टू_पुसद

मी धाकट्या भावाच्या जागी आहे म्हणून लिहितो, राग मानू नका कोणी. १ लाख ७५ हजार देणारा माणूस समोर उभा असताना व्यापाऱ्याचा किंवा मिस्त्रीचा हिशोब का लावायचा? वस्तूची किंमत म्हणजे जो जास्तीत जास्त देईल ती. मोठ्या भावाला ठेवायचं असेल तर त्यानं तेवढ्यात घ्यावं. नाहीतर धाकट्याच्या खिशातून मोठ्याला सवलत दिल्यासारखं होतं, अन् शहरात राहणाऱ्याला काय कमी आहे असं म्हणून हे नेहमीच होतं. शहरात घराचा हप्ता कोणी गावाकडून भरत नाही.

मोठाभाऊ_कारंजा

पुसदवाले, तुमचं ऐकलं. आता माझं ऐका. त्या ट्रॅक्टरचं ऑइल कोणी बदललं, पावसात ताडपत्री कोणी टाकली, रात्री दोन वाजता ओलितावरून येऊन बॅटरी चार्जिंगला कोणी लावली? आज १ लाख ७५ हजाराला गाडी दिसते ती त्याच्यामुळं दिसते. आणि मोठ्या भावानं ती विकली तर जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर तो भाड्याच्या ट्रॅक्टरमागं फिरणार, वापसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, दोन-तीन दिवसांचा असतो अन् त्या दोन-तीन दिवसांत गावातला प्रत्येक ट्रॅक्टर स्वतःच्या मालकाच्या वावरात असतो. पेरणी आठ दिवस लांबली तर काय होतं ते कास्तकाराला विचारा. ट्रॅक्टर घरी असणं याचीच किंमत आहे.

कास्तकार_वर्धा

कारंजावाल्या भाऊच्या बोलन्याले १०० टक्के.

पुणे_टू_पुसद

भाऊ, ताडपत्रीचं मान्य. पण तुम्ही शेवटी जे म्हणालात, घरी असण्याचीच किंमत आहे, तर मग ती किंमत दादासाठी जास्त झाली ना, कमी कशी?

मोठाभाऊ_कारंजा

हो, हे बरोबर आहे. त्याच्यासाठी ती जास्त आहे. पण गरजवंत आहे म्हणून भावानं भावाकडून जास्त घ्यावं का, हा प्रश्न राहतोच.

तूरदाणा

मध्येच बोलते. शेवंतीताई, तुम्ही सारखं दोन भावांचं लिहिता, तुमचा हिस्सा कुठं आहे? २००५ पासून वडिलोपार्जितमध्ये मुलीला मुलाएवढाच हक्क आहे, आणि बाबांच्या स्वतःच्या कमाईत तर तो आधीपासूनच आहे. शेडमधल्या सामानात पण.

शेवंती_दिग्रस

तूरदाणाताई, वावरात मी माझा हिस्सा घेतला, भावांनी स्वतःहून नाव लावलं. शेडमधला तिसरा हिस्सा पण मी सोडलेला नाही. आकडा जेवढा वर जाईल तेवढे मलाही जास्त मिळतात, हे दोघांना माहीत आहे आणि तरीही त्यांनी मलाच विचारलं. म्हणून तर मला जास्त जपून बोलायचं आहे.

जुनं_लोखंड_नागपूर

मला जुन्या ट्रॅक्टरचा नाद आहे, तेव्हा हौसेच्या किमतीबद्दल मी बोललो पाहिजे.

हौसेची किंमत दोन गोष्टींवर ठरते, दुर्मीळ किती आणि मूळचं किती शिल्लक. १०३५ सुंदर गाडी आहे पण दुर्मीळ अजिबात नाही, टाफे कंपनीनं ती वर्षानुवर्षं काढली, अजून त्या नावाच्या गाड्या निघतात. दुर्मीळ म्हणजे एका सिलिंडरचं हवेनं थंड होणारं जुनं आयशर. आयशरनं फरीदाबादला १९५९ मध्ये देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला, त्या घराण्यातल्या सुरुवातीच्या गाड्या आज दिसतच नाहीत. म्हणजे एचएमटीचा झेटॉर २५११, दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर, पिंजोरला १९७१ पासून बनायला लागला. म्हणजे स्वराज ७२४ चा पहिल्या वर्षांतला नमुना, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला, १९७४ ला बाजारात आला, परदेशी नक्कल नाही. म्हणजे महिंद्राच्या इंटरनॅशनल बी-२७५ च्या सुरुवातीच्या गाड्या. अशा गाडीला नाद असलेला माणूस भंगाराच्या तिप्पट पण देतो.

आता तुमच्या फोटोवाल्या गिऱ्हाईकाबद्दल. फोटो पाहून सांगितलेला आकडा आणि शेडमध्ये उभं राहून दिलेला आकडा यात नेहमी फरक पडतो. तो येईल, बोनेटचा पत्रा बघेल, मडगार्ड मूळचे की बदललेले, सीट, स्टिअरिंग, दिवे, नावाची पट्टी, चेसिसवरचा ठोकलेला नंबर आरसीशी जुळतो का. फार्महाऊसवर ठेवणाऱ्याला रिंगांशी फार देणंघेणं नसतं, पण पत्र्याशी असतं. तेव्हा १ लाख ७५ हजार खिशात धरू नका. त्यांना एकदा येऊन बघा म्हणा, टोकन द्या म्हणा. टोकन आलं तरच तो आकडा धरायचा.

आणि कृपा करून रंग मारू नका. नाद असलेल्याला नव्या रंगाखाली मूळ गाडी दिसत नाही, आणि कामासाठी घेणारा म्हणतो वेल्डिंग लपवलं. दोन्हीकडून किंमत कमी. रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्या, तेवढं पुरे.

संत्री_वरूड

झेटॉर २५११! आमच्या मोठ्या बाबांकडे होता. संत्र्याच्या बगीच्यात डवरणीला ओळीतून सहज फिरायचा. एचएमटीचा ट्रॅक्टरचा कारखाना २०१६ ला बंद करायचं ठरलं तेव्हा मोठे बाबा खूप हळहळले होते. पंजाबात एचएमटी ५९११ साठी पोरं अजून वेडी आहेत.

जुनं_लोखंड_नागपूर

५९११ चं तिकडे खरंच वेड आहे, त्यामुळं त्याच्या भावाला आपल्याकडचा हिशोब लागत नाही. तिकडचा व्हिडिओ पाहून इकडे कोणी भाव सांगू नये.

संत्री_वरूड

भावाचा वेडेपणा पाहायचा तर आमच्या तळेगाव दशासरला शंकरपटाला या, जोडी जिंकली की मालकाला संध्याकाळपर्यंत डोक्यानं विचार करता येत नाही अन् त्याच संध्याकाळी लोक भाव विचारतात. आमचे एक काका नेहमी म्हणायचे, जिंकलेली जोडी अन् नांगरटीच्या तोंडावरचा ट्रॅक्टर लगेच विकायचा नाही, एक रात्र जाऊ द्यायची.

काळीमाती_अकोट

काकांचं बरोबर आहे अन् हंगामाचा मुद्दा राहिलाच होता. मार्च ते मे नांगरटीचे दिवस, तेव्हा जुन्या ट्रॅक्टरला सगळ्यात जास्त मागणी. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की परत एकदा उठाव येतो. भर पावसाळ्यात ऑगस्टमध्ये विकायला काढला तर पडेल भाव. ताई, व्यापाऱ्यानं १ लाख २० हजार केव्हा सांगितले?

शेवंती_दिग्रस

पोळ्याच्या आसपास.

काळीमाती_अकोट

मग तो पावसाळ्यातला आकडा आहे. आणि अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ झाला. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भाव थोडा खाली येतो, पण दुरुस्तीही स्वस्त होते. म्हणून त्याआधीचे सौदे जसेच्या तसे धरू नका. त्यात शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदान लागलं तर नवी पंजी, रोटाव्हेटर बऱ्याच कमी पैशात पडतं, अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना ४०. अनुदानाच्या नव्या अवजारापुढं जुन्याचा भाव टिकत नाही, विकणाऱ्याला हे कडू लागतं पण आहे ते आहे.

हिंगणघाटी

कोणी हडंब्यावर बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत एका बाईचा हात अशाच जुन्या हडंब्यात गेला, मनगटाच्या वरपर्यंत. पेंढी ढकलताना. त्या हडंब्याचं तोंड आखूड होतं, हात सरळ ड्रमपर्यंत पोचायचा. थ्रेशरसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदाच आहे, माल घालायचं तोंड लांब पाहिजे, साधारण ३ फूट, आणि त्यातलं अर्धं वरून झाकलेलं. जुन्या गावठी हडंब्यांना ते नसतं. ताई, तुमच्या हडंब्याचं तोंड मोजा. आखूड असेल तर त्याची किंमत भंगाराचीच धरा, आणि भंगारातच द्या. चार हजार जास्त मिळावे म्हणून तो दुसऱ्याच्या खळ्यावर जाऊ देऊ नका.

रेंच१०_१२

तोंड लांब करून देता येतं, पत्र्याचं अन् अँगलचं काम आहे, मी करून दिलेलं आहे.

हिंगणघाटी

तुम्ही करून दिलं असेल दादा, चांगलं केलं. पण करून घेऊनच विकतील याची खात्री कोण देणार? सोयाबीन भिजायला लागलं की कोणी वेल्डिंगवाल्याची वाट पाहत नाही.

रेंच१०_१२

हे खरं आहे. मी माझं मत बदलतो, भंगार.

नोटरी_यवतमाळ

किमतीत कागदाचा भाग मोठा असतो. आरसी अजून बाबांच्या नावावर असणार. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, नेहमीच्या विक्रीचा २९ आणि ३० नाही. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं संमतिपत्र सोबत. १९८६ ची गाडी म्हणजे तीन अक्षरी जुना नंबर असेल. १५ वर्षांनी नोंदणी संपते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण, ते झालेलं आहे का बघा, नसेल तर तो खर्च अन् दंड किमतीतून वजा.

सगळ्यात महत्त्वाचं, आरसीवर बँकेचं नाव आहे का बघा. त्या काळात आपल्याकडे कितीतरी ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या कर्जावर घेतलेले. कर्ज फिटलं तरी आरसीवरचं बँकेचं नाव अन् सातबाऱ्यावरचा बोजा कोणी काढून घेतला नाही. पुढं त्या बँका अवसायनात गेल्या, २०२२ मध्ये शासनानं उरलेल्या कर्जदारांचं कर्जही माफ केलं, पण कागदावरची ओळ आपोआप जात नाही. बेबाकी (कर्ज फिटल्याच्या) दाखल्यासाठी जिल्हा उपनिबंधक कार्यालयात विचारा, मग बँकेचं नाव काढायला आरटीओत फॉर्म ३५. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिची आरसी वेगळी मागा. कागद नसलेला ट्रॅक्टर वावरात चालतो पण विकायला गेलं की घेणारा निम्म्यावर बोलतो, आणि अपघात झाला तर नाव बाबांचं.

शेवंती_दिग्रस

आरसी काढून पाहिली. भूविकास बँकेचं नाव आहेच! बाबांनी कर्ज कधीच फेडलं होतं, पावत्या सापडल्या, पिशवीत जपून ठेवलेल्या. नूतनीकरण शेवटचं झालं ते संपून गेलंय. ट्रॉलीचे कागद आहेत.

तूरदाणा

पावत्यांचे आधी फोटो काढून तिघांच्या मोबाईलवर ठेवा.

वापसा

मूळ प्रश्नावर येतो. जुन्या लोकांची रीत होती, एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. इथं पण तेच करा. एका भावानं आकडा सांगायचा, दुसऱ्यानं ठरवायचं की त्या आकड्याला मी सामान घेतो की पैसे घेतो. आकडा सांगणाऱ्याला कळत नाही आपल्या वाट्याला काय येईल, मग तो आपोआप बरोबरच सांगतो.

मोठाभाऊ_कारंजा

ही रीत वावराला चांगली, इथं नाही. धाकट्याला माहीत आहे की दादा ट्रॅक्टर सोडूच शकत नाही. दादानं कमी आकडा सांगितला तर धाकटा ट्रॅक्टर घेऊन फार्महाऊसवाल्याला देऊन टाकेल, त्या भीतीनं दादा जास्तच सांगणार. ज्याची गरज जास्त तो या खेळात हरतो.

वापसा

हा विचार मी केला नव्हता. बरोबर आहे तुमचं.

पुणे_टू_पुसद

दोन दिवस हेच डोक्यात होतं, कारंजावाल्या भाऊंनी गरजवंताचं लिहिलं तेव्हापासून. मला सुचलं ते सांगतो. दादानं कामाच्या किमतीला घ्यावं, म्हणजे रेंच भाऊंनी सांगितली तशी, तालुक्यातला खरा भाव वजा दुरुस्ती. हौसेची किंमत त्याच्यावर लादायची नाही कारण तो हौसेसाठी घेत नाही. पण कागदावर एक ओळ लिहायची, तीन वर्षांच्या आत त्यानं ट्रॅक्टर विकला आणि ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त आले, तर केलेला खर्च काढून वरचे पैसे तिघांत सारखे. त्यानं शेतीत वापरला तर धाकट्याचं काही गेलं नाही, त्यानं फार्महाऊसवाल्याला दिला तर धाकट्याला हिस्सा मिळाला. असं असतं तर मी सही केली असती.

मोठाभाऊ_कारंजा

मी पण केली असती. मनापासून सांगतो.

नोटरी_यवतमाळ

ही ओळ वाटणीपत्रातच घाला. तोंडी नको, भाऊ चांगले असले तरी पुढच्या पिढीला तोंडी शब्द आठवत नाहीत.

शेवंती_दिग्रस

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. धाकटा सुट्टीवर आला होता, तिघं मिळून बसलो, तुमचे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. कारंजा आणि पुसदवाल्यांचं वाचताना दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसत होते.

फार्महाऊसवाल्यांना या म्हटलं, टोकनचं विचारलं, ते म्हणाले दिवाळीनंतर बघू. तो आकडा सोडून दिला.

हिशोब असा झाला. तालुक्यात या वर्षात दोन १०३५ विकल्या गेल्या, दोन्ही मालकांशी दादा आणि धाकटा सोबत जाऊन बोलले. चांगल्या गाडीचा १ लाख ६० हजार धरला. मिस्त्रीनं रिंगा-लायनरचे ४० हजार सांगितले, मागचे टायर अर्ध्याच्या वर झिजलेत त्याचे १५ हजार. राहिले १ लाख ५ हजार. हायड्रोलिक मोजलं, पंजी जागची हलली नाही. पंजीला सुतळी लावली, फ्रेम सरळ निघाली, १४ हजार धरले. नांगराचे तवे साडेबावीस इंच भरले, म्हणून ९ हजारच. ट्रॉली ४५ हजार. हडंब्याचं तोंड दीड फूट निघालं. तो धरमकाट्यावर ३०० किलो भरला, ३० च्या भावानं ९ हजार, दादानं स्वतः ड्रम कापून मगच दिला, म्हणजे कोणी परत जोडणार नाही. सगळे मिळून १ लाख ८२ हजार. तिसरा हिस्सा ६० हजार ६६६, दादा आम्हा दोघांना ६० हजार देणार, निम्मे आता आणि निम्मे कापूस विकल्यावर. वरचे सहाशे-सातशे नूतनीकरणात धरले. तीन वर्षांची ओळ वाटणीपत्रात घातली, ती दादानंच आग्रहानं लिहायला लावली.

बैलांचा नांगर आम्ही हिशोबात घेतला नाही. तो धाकट्यानं मागितला.

कास्तकार_वर्धा

लय झ्याक झालं ताई. व्यापाऱ्याच्या १ लाख २० हजारापेक्षा ६२ हजार वर, अन् ट्रॅक्टर घरातच.

काळीमाती_अकोट

नांगराला ९ हजार थोडे कमी धरले असं वाटतं, पण साडेबावीस इंच म्हणजे तवे या हंगामानंतर बदलावेच लागतील. ठीक आहे.

नोटरी_यवतमाळ

फॉर्म ३१ अन् बँकेचा दाखला आधी, इंजिनचं काम नंतर. चालू गाडीचं नूतनीकरण करायला आरटीओत तपासणीला न्यावी लागेल, तेव्हा दिवे, ब्रेक, मागचे लाल रिफ्लेक्टर नीट असू द्या. ट्रॉलीला पण.

ओलीत_दर्यापूर

हे सगळं वाचून काढलं. माझ्याकडं फोर्ड ३६०० आहे, तीन चुलत भावांत, सोबत पलटी नांगर. हाच हिशोब लागू पडेल का?

रेंच१०_१२

हिशोब तोच. फक्त फोर्डचं हायड्रोलिक अन् पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) आधी बघा, अन् पलटी नांगराचा फिरायचा बुश किती खेळतो ते. नवीन धागा काढा अन् फोटो टाका, ब्रीदरचा पण.